बंधाऱ्याची सोपी वाट

"तू बाकावर बस," अप्पा म्हणाले. "माझ्याबरोबर चालायचं नाही."

"का पण?"

"तू बोलतेस."

पालिकेच्या बागेच्या फाटकात उभे राहून ते माकडटोपी कानांवर ओढत होते. अंगात आईनं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि धोतराच्या जागी नुकतीच आलेली ट्रॅकपँट, जिला ते 'विजार' म्हणत. डिसेंबर महिना होता. निरगुडी गावाच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांवरून उतरलेलं धुकं नदीवर येऊन बसलं होतं आणि बागेतली घसरगुंडी अर्धीच दिसत होती.

"बोलले तर काय झालं? चालताना बोलता आलं पाहिजे, असं डॉक्टरच सांगतात."

"मग डॉक्टरांबरोबर चाल," असं म्हणून अप्पा निघालेसुद्धा.

मी मुकाट्यानं बाकावर बसले. मुकाट्यानं बसणं हा माझा स्वभाव नाही. पुण्यात मी एका शाळेची मुख्याध्यापिका होते, नववी-दहावीला भूमिती शिकवत होते, आणि 'बस' हा शब्द ऐकण्यापेक्षा म्हणण्याचीच मला सवय. पण या खेपेला मी एक काम घेऊन आले होते आणि ते होईपर्यंत अप्पांशी गोडीनं वागायचं असं मनाशी ठरवलं होतं. मला अप्पांना पुण्याला न्यायचं होतं. चार दिवस पाहुणे म्हणून नाही, कायमचं.

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. त्यात दिवाळीनंतर एकदा अप्पांची साखर उतरली आणि ते परसात नळापाशी चक्कर येऊन खाली बसले. शेजारच्यांनी साखरपाणी दिलं, थोड्या वेळानं ते उठून कामालाही लागले, पण मला फोन आला तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. माझ्या फ्लॅटमध्ये खोल्या रिकाम्या होत्या. इमारतीत लिफ्ट होती, खाली दवाखाना होता, समोर औषधांचं दुकान होतं. हे सगळं मी आल्या दिवशीच अप्पांना मुद्देसूद सांगितलं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नदी आहे?"

"मुठा आहे की."

"नदी म्हणालो मी."

निरगुडीची तळवंती तेव्हा खरंच नदीसारखी नदी होती. अप्पांची सगळी नोकरी पालिकेच्या पाणीपुरवठ्यात गेलेली. अर्ध्या गावाचं पाणी त्यांच्या हातातल्या चावीनं सुटायचं आणि बंद व्हायचं, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

शेवटी शुक्रवारी दुपारी जेवताना आमचा सौदा ठरला. अप्पा म्हणाले, "तुला माझी काळजी कसली वाटते? मी पडेन याची?"

"हो."

"रविवारी बंधाऱ्यापर्यंत चालून दाखवतो. नदीकाठची वाट. सोपी आहे."

"मधे कुठंही न थांबता," मी म्हटलं. परीक्षेचे नियम आधी ठरलेले बरे.

"न थांबता. थांबलो तर बॅग भर, तुझ्याबरोबर येतो. नाही थांबलो तर पुण्याचा विषय पुन्हा काढायचा नाही."

मी लगेच हो म्हटलं. ब्याऐंशीचा माणूस नदीकाठानं बंधाऱ्यापर्यंत न थांबता जाईल यावर माझा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर जाऊ नये अशीच माझी इच्छा होती.

तर शनिवारची ती सकाळ. बागेत बरीच माणसं फिरत होती, आणि सगळी एकाच दिशेनं. पालिकेनं फरशा घालून केलेल्या त्या गोल वाटेला कागदोपत्री जॉगिंग ट्रॅक म्हणत. पण बागेच्या मध्यभागी आधीपासूनच एक शेंदरी मारुती होता, आणि मारुतीला उलटी प्रदक्षिणा कोण घालणार? त्यामुळे डॉक्टर असो, वकील असो, कानात गाणी घालून पळणारा कॉलेजचा मुलगा असो, निरगुडीत प्रत्येक जण मारुतीला उजव्या हाताला ठेवूनच फिरत असे. बाहेरगावचा कुणी उलटा चालू लागला तर चार जण त्याला हात धरून वळवत.

अप्पांची पावलं लहान होती पण एकसारखी पडत होती. अगदी त्याच चालीनं, वर्तुळाच्या बरोबर पलीकडच्या बाजूला, आणखी एक माकडटोपी चालली होती. ते शेटेकाका होते. जात्यावर समोरासमोर दळायला बसलेल्या दोन बायकांसारखे दोघे गोल फिरत होते, आणि त्यांच्यातलं अंतर जराही कमी होत नव्हतं.

"चहा घे," बाकाच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला. सिंधूकाकी, शेटेकाकांच्या बायको. गुडघ्यांमुळे त्या फिरत नसत. थर्मास घेऊन बाकावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची खबर ठेवत.

"काकी, अजून बोलत नाहीत का दोघं?"

"छे गं. चार वर्षं झाली."

"रुसवा असावा तर असा मापात," मी म्हटलं. "अंतरसुद्धा मोजून ठेवलंय."

काकी हसल्या. "पण वितुष्ट पाडलं मी बाई त्यांच्यात. माझ्या बाजेची गोष्ट तुला ठाऊक आहे ना?"

मला ठाऊक होती, पण काकींना सांगायची होती. अप्पा आणि शेटेकाका शाळेपासूनचे जिवलग. शेटेकाकांचं बाजारपेठेत भुसार मालाचं दुकान. म्हातारपणी दोघांनी मिळून 'रविवारची फेरी' काढली होती. गावातल्या गुडघेदुखीवाल्यांना, साखरवाल्यांना गोळा करून घाटावरून बागेत, बागेतून नदीकाठानं बंधाऱ्यापर्यंत, असं फिरवून आणायचं. सगळ्या वाटा सोप्या. इतक्या, की अप्पांनी पालिकेच्या मागे लागून बागेच्या मागच्या फाटकावर एक पाटी लावून घेतली होती : 'बंधारा – सोपी वाट'.

"मी विचारलं तुझ्या अप्पांना," काकी म्हणाल्या, "भावोजी, मला जमंल का हो? तर म्हणाले, वहिनी, डोळे मिटून चला. म्हणून मी गेले. ओढ्यातल्या दगडावर चप्पल सरकली आणि बसले की मी पाण्यात! पाय असा सुजला. मग मळ्यातनं कुणाचीतरी बाज आणली, चार जणांनी उचलली, आणि मला निजवून निघाले बाजारपेठेतनं."

"आणि ऊन लागतं म्हणून तोंडावर पदर घेतला होतात तुम्ही."

"मग काय! लोकांना वाटलं, गेली. दुकानांची फळकुटं लागायला लागली पटापट. तो फुलवाला हार घेऊन पळत आला. मी आपली पदर बाजूला करून म्हणतेय, शेवंती कशी दिली रे? तर तो हार टाकून पळाला."

काकी हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "मला तर हसू आवरंना. पण ह्यांना नाही आलं हसू. घरी आल्यावर हे तुझ्या अप्पांना म्हणाले, सोपी म्हणाला होतास. तेव्हा त्यांनी गप्प बसावं की नाही?"

अप्पा गप्प बसले नव्हते. ते म्हणाले होते, "वाट सोपीच आहे. वहिनींच्या चपला अवघड होत्या."

झालं. शेटेकाकांनी पालिकेत अर्ज दिला की पाटीवर 'अवघड वाट' लिहा. अप्पांनी दुसरा अर्ज दिला की लिहू नका. पालिकेनं दोघांना कंटाळून तो शब्दच चुन्यानं पुसून टाकला. बागेच्या मागच्या फाटकावर तेव्हापासून नुसतं 'बंधारा – वाट' एवढंच होतं, मधे पांढरी जागा.

मी चहा पिता पिता दोघांकडे बघत राहिले. अप्पा चालताना सारखे पलीकडे पाहत होते. शेटेकाकाही. मला वाटलं, दुसऱ्याची एखादी फेरी जास्त होत नाही ना, याची ही पाळत. खात्री करून घ्यावी म्हणून मी अप्पांना हाक मारली आणि पाणी प्यायच्या निमित्तानं बाकावर बसवलं. समोर पाहते तर शेटेकाका सी-सॉच्या दांड्यावर टेकलेले. अप्पांनी घोटभर पाणी पिऊन बाटली परत दिली आणि उठले. पलीकडे शेटेकाका उठले.

"बघितलंत काकी? लहान मुलं परवडली."

काकींनी थर्मासचं झाकण लावलं. "तू उद्या बंधाऱ्याला नेणार आहेस म्हणे त्यांना?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आता बाई, निरगुडी आहे ही," काकी म्हणाल्या.

रविवारी आम्ही ऊन जरा वर आल्यावर निघालो. धुकं विरत होतं. मागच्या फाटकातून बाहेर पडलं की आधी चिंचेची झाडं, मग पालिकेची जुनी पंपाची खोली, आणि तिथून पुढे एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला उसाचे मळे. वाट खरोखर सोपी होती. इतकी, की म्हातारा जाणार बंधाऱ्यापर्यंत, असं वाटायला लागलं.

"कसं वाटतंय अप्पा?"

"बोलू नकोस."

पंपाच्या खोलीपर्यंत अप्पा छान चालले. मग त्यांनी एकदा मागे वळून पाहिलं. मीही पाहिलं. चिंचांखालून शेटेकाका येत होते. हातात काठी, नजर आपली नदीकडे, जसं काही आमच्याशी त्यांचं घेणं-देणंच नाही.

"हे कुठं निघाले?" मी विचारलं.

"नदी काय माझ्या मालकीची आहे?" अप्पा म्हणाले. पण त्यांची चाल मंदावली होती. थोडं पुढे गेल्यावर ते वाकले आणि बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागले.

"अप्पा, थांबलात."

"नाडी सुटली. याला थांबणं म्हणत नाहीत."

मी म्हटलं, ठीक आहे, एवढं चालवून घेऊ. पण मग तारेवर एक खंड्या दिसला आणि तो मला दाखवण्यासाठी अप्पा उभे राहिले. खंड्या उडून गेला तरी ते उभेच. नंतर पाण्याच्या पाइपावरचा एक व्हॉल्व्ह त्यांना गळतोय असं वाटलं. व्हॉल्व्ह ठणठणीत कोरडा होता. दर वेळी ते मागे वळत, आणि आम्ही थांबलो की मागे शेटेकाकाही थांबत, काठीनं गवत चाळवत. मला आता दोघांचाही राग यायला लागला होता.

"अप्पा, दम लागतोय का तुम्हाला? खरं सांगा."

"छे."

पण त्यांचा चेहरा ओढलेला दिसत होता. मी शिक्षकी पेशातली. कॉपी करणारं पोर जसं बहाणे काढतं तसे हे बहाणे, हे मला कळत होतं. माझ्या आतून एक आनंदाची उकळी फुटत होती आणि तिची मला थोडी लाजही वाटत होती.

मग तो ओढा आला, काकींची चप्पल सरकली तो. पाणी घोट्याएवढं, मधे चार-पाच दगड. अप्पा दगडांवरून आरामात पलीकडे गेले. मी त्यांच्या मागून. पलीकडे वाट उसाला वळसा घालून अरुंद होते, एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. वळणापर्यंत गेल्यावर अप्पा थांबले. या वेळी नाडी नव्हती, खंड्या नव्हता, व्हॉल्व्ह नव्हता. नुसतेच थांबले.

"चला ना."

"नाही."

"काय झालं?"

"दमलो," अप्पा म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहतच राहिले. माझ्या आठवणीत अप्पांच्या तोंडून हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

"थांबलो की नाही? मग हरलो," ते म्हणाले. "भर बॅग. येतो मी पुण्याला."

मला हवं होतं ते मिळालं होतं. पण आनंदाची उकळी कुठे गेली कोण जाणे, मला एकदम वाईट वाटलं. मी त्यांचा हात धरला. हात गार नव्हता, घामेजलेला नव्हता, श्वासही लागला नव्हता. "चला मग, हळूहळू परत जाऊ."

"थांब जरा."

"आता कशाला?"

ते ओढ्याकडे बघत राहिले. तेवढ्यात पलीकडच्या काठावर माकडटोपी दिसली. शेटेकाका काठीनं दगड चाचपत पाण्यात उतरले, एका दगडावर चढले, दुसऱ्यावर चढले, आणि वर मान करून पाहतात तो आम्ही दोघं समोर उभे. ते तिथेच, ओढ्याच्या मधोमध, दगडावर थांबले.

"काय रे वामन," शेवटी शेटेकाका ओरडले, "साखर उतरली का?"

चार वर्षांतलं हे पहिलं वाक्य.

"उतरली असती तर उभा राहिलो असतो का? तू आधी त्या दगडावरनं खाली उतर. डावा पाय टाक. डावा! उजवीकडचं तुला दिसत नाही."

"मला सगळं दिसतं."

"मग उजव्या हाताला शेवाळ आहे, ते दिसलं का?"

शेटेकाकांनी खाली पाहिलं, आणि मुकाट्यानं डावा पाय टाकला. अप्पा दोन पावलं पुढे गेले आणि त्यांनी हात दिला. शेटेकाकांनी तो घेतला, काठावर आले आणि लगेच सोडलाही. मग कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढून ती अप्पांच्या नाकासमोर धरली.

"खडीसाखर आहे. तोंड उघड."

"मला नको. आणि तुझ्या खिशात ही कशाला?"

"कशाला म्हणजे? रोज असते. हिची आई गेल्यापासनं रोज तुझ्या मागनं चालतोय मी बागेत. कुठं कोसळलास तर कोण बघणार तुला?"

"तू माझ्या मागनं?" अप्पांचा आवाज चढला. "मी तुझ्या मागनं चालतोय! तुझा उजवा डोळा अधू झाला तेव्हापासनं. ही बघ." त्यांनी विजारीच्या खिशातून शिट्टी काढली, पाणीपुरवठ्यातली जुनी पितळी शिट्टी. "तू पडलास तर लोकांना बोलवायला."

"शिट्टी? मी काय बैल आहे?"

"माझ्या मागनं चालतो म्हणे! तू समोरच्या बाजूला असतोस."

"समोरच्या बाजूला म्हणजेच मागं!"

"मग मी पण समोरच्या बाजूलाच असतो की!"

दोघेही एकदम माझ्याकडे वळले. "शैले, तू भूमिती शिकवतेस ना?" अप्पा म्हणाले. "सांग याला."

आणि मी, इतकी वर्षं फळ्यावर वर्तुळं काढलेली बाई, तोंड उघडं टाकून उभी. काल सकाळी बाकावर बसून मी हेच तर बघत होते, आणि मला त्यात रुसवा दिसला होता, चढाओढ दिसली होती.

"गोल वाटेवर दोघं समोरासमोर असतील," मी म्हटलं, "तर दोघंही एकमेकांच्या मागं."

"म्हणजे बरोबर कोण?"

"दोघंही."

हे उत्तर दोघांनाही मुळीच आवडलं नाही. पण माझ्या डोक्यात आता दुसराच प्रकाश पडत होता. नदीची वाट गोल नव्हती. इथे अप्पा पुढे होते आणि शेटेकाका मागे. मान वळवल्याशिवाय अप्पांना ते दिसत नव्हते, आणि या वळणानंतर तर दिसणारच नव्हते.

"अप्पा," मी विचारलं, "ती नाडी, तो खंड्या... तुम्ही यांच्यासाठी थांबत होतात?"

"हळू बोल. त्याला ऐकू येतं अजून."

"अहो, पण मग मला सांगायचं ना! मी निकाल लावून मोकळी झाले. तुम्ही घर सोडून यायला तयार झालात!"

"काय सांगू? त्याच्यादेखत सांगू, की बाबा तू म्हातारा झालास, ओढ्यात पडशील, म्हणून उभा आहे?" अप्पा मान खाली घालून म्हणाले. "एकदा बोललो होतो त्या ओढ्यावरनं. पुरे झालं."

शेटेकाका काठीनं माती उकरायला लागले. मग म्हणाले, "चपला खरंच गुळगुळीत होत्या तिच्या. मीच सांगत होतो बदल म्हणून."

"वाटही काही अगदी सोपी नाही," अप्पा म्हणाले.

एवढंच. मी डोळे कोरडे करायला नदीकडे बघत होते, तोवर शेटेकाकांच्या ध्यानात मघाचं बोलणं आलं.

"काय म्हणालीस गं? हा तयार झाला? जाणार हा पुण्याला?"

"थांबलो तर जाईन असा शब्द दिलाय," अप्पा म्हणाले. "थांबलो."

शेटेकाकांचा चेहरा असा उतरला, की मी घाईघाईनं म्हटलं, "नाही, नाही. परीक्षाच रद्द. मी पुन्हा विषय काढणार नाही."

खरं तर इथे सगळं संपायला हवं होतं. माझी हार झाली होती आणि ती मला गोड वाटत होती. पण शेटेकाका दुकानदार माणूस, समोरच्या गिऱ्हाइकाला नेमकं काय हवंय ते कळल्याशिवाय सोडायचे नाहीत. एका दगडावर टेकून त्यांनी विचारलं, "पण पोरी, तुझी एवढी घाई कसली होती? जावई काय म्हणतात?"

"ते नागपूरला असतात. बदली झालीय. महिन्यातून एकदा येतात."

"आणि अनिकेत?"

"बंगळूरला नोकरी लागली. जूनमध्ये गेला."

"मग घरात कोण असतं तुझ्या?"

"मी," मी म्हटलं.

ओढ्याचं पाणी वाजत होतं. अप्पा माझ्याकडे बघायला लागले, आणि मला त्यांची ती नजर चुकवता येईना.

"शाळा दुपारी सुटते," मी सांगायला लागले, "मग घरी येते. टीव्ही लावून ठेवते, बघत नाही. वाटीभर तांदूळ कुकरला लावायचा कंटाळा येतो, म्हणून कधी कधी नुसतंच दूध पिऊन..." मुख्याध्यापिकेला शोभणार नाही असं मोठ्यानं रडू फुटलं, उसाच्या बांधावर, दोन माकडटोप्यांसमोर. मला अप्पांची काळजी होती हे खोटं नव्हतं. पण संध्याकाळी दार उघडल्यावर आत कुणीतरी खाकरावं, 'आलीस का' म्हणावं, यासाठी मी तळमळत होते, आणि ते मला त्या क्षणापर्यंत स्वतःलासुद्धा सांगता आलं नव्हतं.

अप्पांनी गळ्यातला मफलर काढून माझ्या हातात दिला. मी त्यानं तोंड पुसलं.

"मग तसं म्हणायचं होतंस," ते म्हणाले. "माझ्या साखरेला कशाला मधे घेतलंस?"

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. अप्पांची मी आयुष्यात खूप बोलणी खाल्ली, त्यातलं हे एक वाक्य मी अजून मनातल्या मनात ऐकते, आणि अजून मला हसूही येतं आणि रडूही.

"येतो मी," अप्पा म्हणाले. "हरलो म्हणून नाही. तू खरं सांगितलंस म्हणून."

"किती दिवस?" शेटेकाकांनी ताबडतोब विचारलं.

"बघू. हिचं जरा मार्गी लागेपर्यंत."

शेटेकाका उठले. काठी या हातातून त्या हातात घेतली. मग त्यांनी ती खडीसाखरेची पुडी माझ्या पर्समध्ये कोंबली आणि दुकानात उधारीवर माल देताना बोलावं तसं दरडावून मला म्हणाले, "ने. पण परत आणून दे."

"मी काय पातेलं आहे?" अप्पा म्हणाले.

"पातेलं असतास तर नाव घालून दिलं असतं," शेटेकाका म्हणाले. "तुला काय, कुणीपण ठेवून घेईल."